डॉ. रखमाबाई : न्यायालयापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ ते १८८८ या काळात मुंबई इलाख्यात आणि इंग्लंडमध्येही गाजला. बालपणी लावून दिलेला विवाह मान्य नाही, असे भर न्यायालयात सांगणारी तरुणी म्हणून रखमाबाईंचे नाव इतिहासात नोंदले गेले. मात्र खटला मिटला तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या आणखी सदुसष्ट वर्षे जगल्या. त्यांतील तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. या दीर्घ सेवेची आठवण खटल्याच्या मानाने फारच थोडी काढली जाते.

वास्तविक या दोन पर्वांना जोडणारा धागा अगदी स्पष्ट आहे. स्त्रीच्या देहाविषयीचा निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न त्यांनी न्यायालयात उपस्थित केला होता. डॉक्टर झाल्यावर तोच प्रश्न निराळ्या रूपात त्यांच्या पुढ्यात आला. रुग्णालय आहे, स्त्री डॉक्टर आहे, औषधपाणी आहे; तरीही गर्भार स्त्री तेथे येत नाही, आणि आलीच तर फार उशिरा, अडल्यावर येते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात रखमाबाईंच्या आयुष्याचा मोठा काळ गेला. हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

पंधराव्या वर्षीची आई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. घराणे सुतार समाजातले. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळच्या मानाने यात विलक्षण असे काही नव्हते. ज्या वयात शरीराची वाढ पुरी होत नाही त्या वयात मातृत्व येणे, आणि त्यातून आई व मूल दोघेही वाचणे ही दैवाची कृपा मानणे, हीच सर्वसाधारण रीत होती.

पुढे जयंतीबाईंचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नावाजलेले डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, औषधी वनस्पतींचा अभ्यास केला आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांमध्ये जे मोजके भारतीय होते त्यांत त्यांचा समावेश होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रसूतिशास्त्रासारख्या विषयावर त्यांनी मराठीत ग्रंथलेखन केले होते. बाळंतपण हा चारचौघांत उच्चारण्याचा विषय नव्हता अशा काळात एक मराठी डॉक्टर त्यावर मातृभाषेत पुस्तक लिहीत होता, आणि त्याच घरात रखमाबाई वाढत होत्या.

तरीही रूढी या घरालाही चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. दादाजींनी सासरी राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. काही महिन्यांतच रखमाबाई ऋतुमती झाल्या. रूढीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी होऊन संसार सुरू व्हायचा. येथे सखाराम अर्जुन आड आले. इतक्या कोवळ्या वयात शरीरसंबंध आणि मातृत्व मुलीच्या प्रकृतीला घातक आहे, हे वैद्यकशास्त्राने त्यांना शिकविले होते. त्यांनी या विधीला संमती दिली नाही. रखमाबाई आईकडेच राहिल्या, घरी बसून वाचू-लिहू लागल्या आणि स्वत:चे मत बनवू लागल्या. एका डॉक्टर पित्याच्या या नकाराने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

देह कोणाच्या मालकीचा?

दादाजींचे शिक्षण झाले नाही. ते सासर सोडून आपल्या मामाकडे राहू लागले आणि वर्षे तशीच गेली. १८८४ मध्ये त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवून पत्नीने नांदावयास यावे, अशी मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जे दांपत्य कधी एकत्र नांदलेलेच नाही त्यातील स्त्रीला बळाने पुरुषाच्या हवाली करणे हे अमानुष आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. या निकालाच्या आधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले होते. रखमाबाईंचा सर्वांत भक्कम आधार ऐन लढाईत नाहीसा झाला.

त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये एका अनामिक हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. मुलीचे शिक्षण, आरोग्य, मन आणि भवितव्य यांवर बालविवाहाचा काय परिणाम होतो याचे सडेतोड विवेचन त्यांत होते. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उलट लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सनातनी मंडळींनी हा हिंदू धर्मव्यवस्थेवरील आघात असल्याचे मानले.

पिन्ही यांच्या निकालावर अपील झाले, १८८६ मध्ये तो निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर जुलै १८८८ मध्ये आपसांत तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्यांनी आपला दावा सोडला.

या प्रकरणाने पेटलेला संमतिवयाचा वाद पुढे एका दुर्दैवी घटनेने टोकाला गेला. बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या बळजबरीमुळे मरण पावली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. बारा हे वयही मातृत्वाला किती कोवळे आहे, हे सांगावयास वैद्यकाची गरज नाही. पण तेवढ्याही सुधारणेला त्या वेळी प्रचंड विरोध झाला होता.

लंडनची वाट

रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. या इच्छेला बळ देणाऱ्यांमध्ये डॉ. एडिथ पीची अग्रभागी होत्या. एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. स्त्रियांसाठी स्त्रियांनी चालविलेले रुग्णालय ही कल्पना त्या वेळी नवी होती. परपुरुषाने नाडी पाहणेही जेथे संकोचाचे, तेथे गर्भारपणाची तपासणी पुरुष डॉक्टरकडून करून घेण्यापेक्षा मरण बरे, असे मानणारी घरे असंख्य होती. ही अडचण ओळखूनच १८८५ मध्ये व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारण्यात आला आणि त्यातून देशभर जनाना रुग्णालये उभी राहिली.

रखमाबाईंच्या आधी कल्याणच्या आनंदीबाई जोशी या वाटेने गेल्या होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावल्यानंतर त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी मिळविली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला आणि रुग्णसेवेचे स्वप्न अपुरे राहिले. त्यानंतर आठवड्याभरातच फॅरन यांचा निकाल लागला, हा काळाचा विचित्र योगायोग.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला पोहोचल्या. पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लारेन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा यांनी त्यांना आधार दिला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि रॉयल फ्री रुग्णालयात अनुभव मिळविला. १८९४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची पात्रता परीक्षा दिली आणि ब्रसेल्सची एम.डी. पदवीही घेतली. वर्षभरातच त्या मायदेशी परतल्या.

सुरत आणि न येणाऱ्या बाया

१८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढची बावीस-तेवीस वर्षे हे शहर त्यांची कर्मभूमी झाले. जरीकाम, कापड आणि व्यापार यांचे हे जुने शहर. वाणी, बोहरी, पारशी, विणकर, कष्टकरी अशी नाना जातिधर्मांची वस्ती. येथे रखमाबाईंना सर्वांत अवघड गेली ती बाईने बाळंतपणासाठी रुग्णालयात यावे एवढी साधी गोष्ट.

त्यांच्या सुरतेतील सुरुवातीच्या दिवसांविषयी एक हकीकत सांगितली जाते. बाळंतपणासाठी कोणी बाई फिरकेना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तेथे तिची सुखरूप सुटका करून दाखविली. मुक्या जनावराला येथे अपाय होत नाही, मग माणसाला का होईल, हा त्यामागचा विचार. हळूहळू बायांची भीड चेपली आणि त्या येऊ लागल्या, असे सांगतात. हकीकतीतील तपशिलांना कालौघात रंग चढला असेल, पण तिच्यातले मर्म खरे आहे. व्याख्यान देऊन किंवा अडाणीपणाबद्दल दूषणे देऊन बाया येणार नाहीत. भीती कशाची आहे हे ओळखून ती डोळ्यांदेखत दूर करावी लागेल, हे त्या डॉक्टरला उमगले होते.

भीतीला कारणेही होती. रुग्णालय म्हणजे जेथे माणूस मरायला जातो ती जागा, अशी लोकांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. सगळे उपाय थकल्यावर, दोन-तीन दिवस अडलेल्या बाईलाच तेथे आणले जाई. तोवर मूल पोटात गेलेले असे, आईला ताप चढलेला असे. अशी बाई दगावली की रुग्णालयाची अपकीर्ती वाढे आणि पुढची बाई आणखी उशिरा येई. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि ती गुजरातपर्यंत पसरली. घरांची झडती, रुग्णांचे सक्तीने केलेले विलगीकरण यांमुळे सरकारी वैद्यकाचा धसकाच लोकांनी घेतला. अशा काळात रुग्णालयावर विश्वास मिळविणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना करता येते.

उशिराची कारणे

त्या काळातील घरांत डोकावले, तर या उशिराची आणखी कारणे दिसतात. पहिले म्हणजे गर्भारपण हे दुखणे मानलेच जात नव्हते. आजारी माणसाने वैद्याकडे जावे. दिवस राहिलेल्या सुनेने कशाला? सासू, आजेसासू, शेजारीण यांची मुले घरातच झाली होती. त्यांतली किती जगली याचा हिशेब कोणी मांडत नसे. पाय सुजणे, डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे ही गर्भारपणाचीच लक्षणे समजली जात. आकडी आली म्हणजे बाहेरची बाधा झाली, असे ठरे. ही सूज येऊ घातलेल्या संकटाची सूचना असू शकते, हे कळायला आधी कोणीतरी तपासावे लागते.

दुसरे कारण लपविण्याचे. पहिले काही महिने दिवस राहिल्याची वाच्यता करायची नाही, दृष्ट लागते, गर्भ टिकत नाही, ही समजूत महाराष्ट्रात होती तशी गुजरातेतही होती. चारचौघांत गोष्ट उघड होई ती सातव्या महिन्यातील सोहळ्याने. महाराष्ट्रात डोहाळजेवण, गुजरातेत खोळा भरण्याचा समारंभ. त्यानंतर पहिलटकरीण माहेरी जाई. म्हणजे सहा-सात महिने ज्या घरात गेले तेथून ती ऐन शेवटी दुसऱ्या घरी जाणार, आणि तिची प्रकृती आधी कशी होती हे तिथल्या कोणाला नीट ठाऊक नसणार.

तिसरे कारण विटाळाचे. बाळंतपण अमंगल मानलेले असल्याने त्यासाठी घरातील सर्वांत अंधारी, कोंदट खोली राखून ठेवली जाई. दारे-खिडक्या बंद, शेगडीचा धूर, जुनेर फाटके अंथरूण. मुंबईतील पारशी कुटुंबांतही बाळंतिणीला तळमजल्याच्या दमट खोलीत ठेवण्याची रीत होती. तेथील मृत्यू पाहूनच डॉ. तेमुलजी नरिमन यांनी १८८० च्या दशकात पारशी स्त्रियांसाठी वेगळे प्रसूतिगृह काढण्याचा उद्योग केला. नाळ कापणे, वार काढणे ही कामे सुईण करी. ती बहुधा गरीब, खालच्या मानलेल्या जातीतली असे. तिच्या हाताला अनुभव होता, पण निर्जंतुकीकरणाची माहिती तिला कोणी दिली नव्हती. त्यातून बाळंतज्वर आणि नवजात बालकांचा धनुर्वात होई. रुग्णालयात जायचे म्हणजे परजातीच्या स्पर्शात, परक्या हातचे पाणी पिऊन दहा-बारा दिवस काढायचे. सोवळ्या घरांना हे मृत्यूहून अवघड वाटे.

या सर्वांच्या मुळाशी असलेले कारण मात्र एकच होते. निर्णय तिचा नव्हता. दवाखान्यात जायचे की नाही, टांगा करायचा की नाही, पैसे खर्चायचे की नाही हे सासू आणि नवरा ठरविणार. बारा-चौदा वर्षांची सून पोटात दुखते असे सांगायलाही कचरणार. न्यायमूर्ती फॅरन यांच्या आज्ञेत स्त्रीच्या देहावर नवऱ्याचा हक्क गृहीत होता. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीतही तोच हक्क गृहीत होता. न्यायालयात त्याला आव्हान देणाऱ्या रखमाबाईंना रुग्णालयात त्याचे परिणाम निस्तरावे लागले.

येथे वैद्यकाची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. रखमाबाई लंडनला शिकत होत्या तेव्हा गर्भारपणी नियमित तपासणी करण्याची पद्धत इंग्लंडातही रुजलेली नव्हती. डॉक्टर आणि सुईण दोघांचीही गरज लागे ती वेणा सुरू झाल्यावर. एडिंबरोचे डॉ. जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी गर्भार स्त्रियांसाठी प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात सोय असावी, असे १९०१ मध्ये आग्रहाने मांडले. एडिंबरोत गरोदर स्त्रियांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू व्हायला १९१५ साल उजाडले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधनच मुळी १८९६ मध्ये पुढे आले. तेव्हा सुरतेच्या सुनेने तिसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे जावे, ही अपेक्षा जगातच नवी होती. रखमाबाईंच्या कारकिर्दीतच हे शास्त्र घडत गेले.

राजकोट आणि पडदा

१९१७-१८ च्या सुमारास रखमाबाईंनी सुरत सोडली. स्त्री डॉक्टरांच्या सरकारी सेवेत येण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाचे काम पत्करले. काठेवाडातील संस्थानी वातावरण सुरतेहून निराळे होते. दरबारी आणि गिरासदार कुटुंबांत पडदा अतिशय कडक होता. तेथे घराचा उंबरा ओलांडणे हीच स्त्रीला मोठी मजल होती. रखमाबाईंनी राजकोटमध्ये रेडक्रॉसचे कामही उभे केले.

पडद्याचा परिणाम केवळ संकोचापुरता नव्हता. उन्हापासून वर्षानुवर्षे वंचित राहिलेल्या स्त्रियांची हाडे मऊ होऊन कटिभाग आकुंचन पावतो, आणि मग प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊच शकत नाही, हे काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलिन वॉन यांनी १९२० च्या दशकात आग्रहाने मांडले. अशा स्त्रीची आधी तपासणी झाली तर धोका कळू शकतो. पण पडदाच तिला तपासणीपासून दूर ठेवतो. रोगही पडद्याने दिलेला आणि उपचारांची वाटही पडद्याने अडविलेली, असे हे दुष्टचक्र.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, रखमाबाईंनी पडद्याची प्रथा नाहीशी करण्याची गरज प्रतिपादणारा लेख लिहिला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बालविवाहाविरुद्ध लेखणी उचलणारी अनामिक हिंदू स्त्री आता स्वत:च्या नावाने आणि हजारो स्त्रियांच्या अनुभवाच्या बळावर बोलत होती. त्याच वर्षी शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. जयंतीबाईंचे लग्न झाले तेच हे वय.

त्यांच्या खासगी आयुष्याविषयी एक गोष्ट अभ्यासकांना नेहमी कोड्यात टाकते. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी धारण केली, अशी नोंद आहे. ज्याला नवरा मानण्याचे नाकारले त्याच्यासाठी हे चिन्ह का स्वीकारावे? याचा उलगडा त्यांनी करून ठेवलेला नाही. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता, आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षी संमत झाला होता.

उंबरा अजून उंचच

रखमाबाईंच्या काळातील चित्र आज खूपच पालटले आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याचे अभियान सुरू झाले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्य संस्थांत होऊ लागली होती. गाभण शेळीची हकीकत ज्या काळात घडली त्याच्याशी ताडून पाहिले, तर ही क्रांतीच म्हणावी लागेल.

परंतु त्याच पाहणीतले दुसरे आकडे विचार करावयास लावतात. पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण ७० टक्के होते, म्हणजे दहांपैकी तीन स्त्रिया तेव्हाही उशिराच पोहोचत होत्या किंवा पोहोचतच नव्हत्या. चार किंवा अधिक वेळा तपासणी झालेल्या तर जेमतेम ५८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात किमान आठ भेटी आणि पहिली भेट बारा आठवड्यांच्या आत, अशी शिफारस केली आहे. रक्तक्षय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लैंगिक संसर्ग यांचा छडा लवकर लागला तर बहुतेक वेळा उपाय हाताशी असतो. सातव्या महिन्यात तीच गोष्ट कळली, तर हातातील वेळ निसटलेला असतो.

उशिराची कारणे तपासली, तर रखमाबाईंच्या सुरतेतील कारणे नव्या वेषात भेटतात. दिवस राहिल्याचे सुरुवातीला सांगू नये, ही समजूत अजूनही आहे. पहिले मूल सुखरूप झाले, आता दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तपासणी कशाला, असे म्हणणाऱ्या घरांतील तर्क जुनाच आहे. दवाखाना दूर, गाडीभाडे खिशाला जड, आणि एक दिवस गेला की मजुरी बुडते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रीची नोंद गावी असते आणि ती स्वत: फडात असते. काही ठिकाणी दवाखान्यातील अपमानास्पद वागणूकच बाईला पुन्हा येण्यापासून परावृत्त करते. एकदा ओरडून घेतलेली बाई दुसऱ्यांदा शक्यतो तेथे जात नाही.

अल्पवयीन मातांचा प्रश्न तर थेट रखमाबाईंच्या खटल्याशी नाते सांगतो. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातील २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. बालविवाहाला कायद्याने बंदी आहे आणि अल्पवयीन मुलीशी संबंध हा गुन्हा आहे. त्यामुळे सोळा वर्षांची सून गरोदर राहिली, तर पोलिसांच्या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेणे टाळतात. जिला तपासणीची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत उशिरा येते. मुलीच्या रक्षणासाठी केलेला कायदा तिच्याच उपचारांच्या आड येऊ नये, हा पेच आजच्या डॉक्टरांपुढे आहे.

उशिरा येणाऱ्या स्त्रीला बेपर्वा ठरविणे सोपे असते. रखमाबाईंची कारकीर्द मात्र दुसऱ्याच दिशेने बोट दाखविते. त्या उशिरात घरातील सत्ता, खिशातील पैसा, रस्त्याचे अंतर, दवाखान्याविषयीचे भय आणि बालवयातील लग्न हे सारे साठलेले असते. यांतील एकेक अडथळा बाजूला करावा लागतो आणि तो बाजूला करण्याची जबाबदारी त्या स्त्रीपेक्षा तिच्या भोवतालच्या लोकांवर अधिक असते. सखाराम अर्जुन यांनी एका मुलीचे मातृत्व लांबणीवर टाकले आणि त्या मुलीला डॉक्टर होण्याचा अवसर मिळाला. पुढे त्याच मुलीने सुरतेत आणि राजकोटात परक्यांच्या घरातील सुनांना रुग्णालयाची वाट दाखविली. आज दर महिन्याच्या नऊ तारखेला तपासणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींना रखमाबाईंचे नाव ठाऊक नसेल. ही रांग सुरू होण्याआधी स्त्रियांना किती उंबरे ओलांडावे लागले, याची साक्ष मात्र त्यांच्या चरित्रात मिळते.